शनिवारच्या लाइव्हला लोक येतात, पण पंधरा मिनिटांत उठून जातात. खेळ बनवणाऱ्यांनी काय बदलावं?

चिकणमाती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या टिळकवाडीत आमचा चौघांचा छोटा स्टुडिओ आहे. आपल्याकडे दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करतात, त्यावरच व्हिडिओ गेम करायलोय. माती कालवायची, तटबंदी उभारायची, बुरूज चढवायचे, मग पाऊस पडतो आणि काय टिकतं ते बघायचं. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. पीसी आणि अँड्रॉइड दोन्हीकडे चाचणी आवृत्ती बाहेर आहे.

दर शनिवारी संध्याकाळी ७ ते ८ यूट्यूबवर लाइव्ह असतं. क्रम असा: १० मिनिटं स्वागत आणि "आवाज येतोय का", १५ मिनिटं स्लाइडवर नव्या बदलांची यादी, अर्धा तास आमच्यातला एक जण खेळतो, शेवटची ५ मिनिटं प्रश्नोत्तरं. सुरुवातीला ५०-६० जण असतात, पंधराव्या मिनिटाला २० उरतात, प्रश्नोत्तरांपर्यंत ७-८. चॅटमध्ये "हाय", "लिंक द्या", "आयफोनवर कधी?" एवढंच.

सामान: जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप, ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर), यूएसबी माइक, फायबरची लाइन, अपलोड ३०-४० एमबीपीएस. बघणारे बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूरकडचे मराठी, बैलहोंगल, गोकाकचे कन्नड, थोडे हिंदी. बहुतेक सगळे मोबाइलवर.

विचारायचं असं की बघणाऱ्यांच्या हाताला काम काय द्यावं? चॅट थेट खेळाला जोडावं का? बक्षिसं ठेवली तर लोक थांबतील का? आणि बोलायचं कुठल्या भाषेत?

---

राजहंसगड

आधी क्रम उलटा करा. तुमच्या तासात पहिली २५ मिनिटं बघणाऱ्याने नुसतं ऐकायचं आहे, आणि तेवढ्यातच तो जातोय.

खेळून दाखवणारे स्ट्रीमर पुष्कळ आहेत, आणि खेळण्यात ते तुमच्यापेक्षा सराईत असणार. त्यांच्याकडे नाही अशी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे: खेळ आतून उघडायची किल्ली. लोकांसमोर एखादा आकडा बदलून त्याचा परिणाम त्याच मिनिटाला दाखवणं फक्त बनवणाऱ्यालाच जमतं. अख्खं लाइव्ह त्यावर उभं करा.

तुमच्याच खेळातलं उदाहरण घेऊ. लाइव्ह सुरू झाल्यापासून दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर अर्धा बांधलेला बुरूज असू दे आणि प्रश्न एकच: मातीत पाणी किती? २० टक्के, ३० की ४०? मत द्यायला ४५ सेकंद. निकाल आला की तो आकडा सगळ्यांसमोर टाका, पाऊस सुरू करा आणि ताण दाखवणारा डीबग व्ह्यू चालू करा. भिंतीत कुठे किती भार येतोय ते रंगांत दिसेल. समजा लोकांनी ४० निवडले. पायाशी पहिली लाल रेघ उमटते, ती वर सरकते, बुरूज एका अंगाला खचतो. तिथे थांबा आणि विचारा, "का पडला?" आता चॅटमध्ये "हाय" येणार नाही, "पाया अरुंद आहे" असं येईल. कारण ज्या पोराने खरा किल्ला केलाय त्याला हे ठाऊकच असतं. पुढचं मत त्याच उत्तरातून काढा: पाया रुंद करायचा, की खाली दगड बसवायचे?

अशी एक फेरी ४ ते ५ मिनिटांची होते. प्रश्न १५ सेकंद, मतदान ४५ सेकंद, निकाल लगेच, परिणाम दोन मिनिटं, चर्चा एक मिनिट. ५० मिनिटांच्या लाइव्हमध्ये सहा फेऱ्या पुरेत. सातवी-आठवी घातली की दमछाक होते आणि बोलायला जागा राहत नाही. बदलांची यादी वेगळी वाचायची नाही. नवीन दगड आला असेल तर तो एखाद्या फेरीत वापरा, म्हणजे सांगणं आपोआप होतं.

मतदानाची वेळ मोजताना विलंब विसरू नका. यूट्यूबवर विलंबाच्या तीन पायऱ्या आहेत: नॉर्मल, लो आणि अल्ट्रा-लो. लोमध्ये साधारण १० सेकंदांच्या आत, अल्ट्रा-लोमध्ये ५ सेकंदांच्या आत चित्र पोचतं. म्हणजे पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं तरी बघणाऱ्याकडे अजून काही सेकंद शिल्लक असतात. घड्याळ संपल्यावर लगेच मतं बंद केलीत तर ज्यांनी वेळेत दिली त्यांची मतं वाया जातात, आणि दोनदा असं झालं की तो माणूस तिसऱ्यांदा मत देत नाही. घड्याळ ४५ सेकंदांचं दाखवा, मोजणी ५५ सेकंदांनी बंद करा.

याच कारणाने चॅटला क्षणाक्षणाची कामं देऊ नका. २०१४ मध्ये ट्विचवर हजारो लोकांनी चॅटमधून एकच पोकेमॉन खेळ चालवला, तिथे विलंबामुळे पात्र एकाच जागी घुटमळत राहायचं. शेवटी ठरावीक वेळाने बहुमत मोजायची पद्धत आणावी लागली. चॅटला सुकाणू देता येतं, ब्रेक देता येत नाही.

मतदान कशावर घ्यावं, हेही सांगतो, कारण इथे मोठ्या कंपन्याही अडखळल्या आहेत. माइनक्राफ्टने २०१७ मध्ये नव्या प्राण्यासाठी मतदान सुरू केलं. जिंकलेला प्राणी खेळात यायचा, हरलेले बाजूला पडायचे. हरलेल्यांचे चाहते दर वेळी नाराज व्हायचे. २०२३ मध्ये त्या मतदानावर बहिष्काराची हाक निघाली, आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बंदच केलं. म्हणून "हे ठेवू की ते काढू" असं कधी विचारायचं नाही. "आधी कुठलं करू" हा प्रश्न चालतो. आणि सगळ्यात बरा प्रश्न तो, ज्याचा परिणाम आजच्या किल्ल्यापुरता आहे.

एक तांत्रिक खड्डा. युनिटीत प्ले मोडमध्ये (खेळ चालवून बघताना) सीनमधल्या कंपोनंटचा आकडा बदलला तर थांबवल्यावर तो मूळ जागी येतो. पण आकडे स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे आकड्यांच्या वेगळ्या फाइलीत, ठेवले असतील तर एडिटरमध्ये ते बदल तसेच राहतात. म्हणजे शनिवारी लोकांनी ठरवलेलं ४० टक्के पाणी सोमवारच्या बिल्डमध्ये जातं आणि चाचणीवाले विचारतात, सगळे किल्ले का कोसळायलेत? लाइव्हसाठी गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वेगळी शाखा, म्हणजे वेगळी प्रत, ठेवा. लाइव्ह संपलं की त्या शाखेतले बदल टाकून द्या, जे आवडलं ते हाताने मुख्य शाखेत आणा.

त्या शाखेत आणखी चार गोष्टी हव्यात. पावसाचा यादृच्छिक बीज-आकडा ठरावीक ठेवा, म्हणजे दर वेळी पाऊस तसाच पडेल, नाहीतर दोन किल्ल्यांची तुलनाच होत नाही. दर फेरीआधी सेव्ह पॉइंट. एका बटणाने डीबग व्ह्यू चालू-बंद. आणि सर्व्हरचे पत्ते, खात्यांचे ईमेल, टोकन पडद्यावर कुठेही न दिसणं. कन्सोल विंडो दुसऱ्या मॉनिटरवर असली तरी ओबीएसमध्ये "डिस्प्ले कॅप्चर" वापरू नका, "गेम कॅप्चर" किंवा "विंडो कॅप्चर" वापरा. नाहीतर एका चुकीच्या ड्रॅगने सगळं उघडं पडतं.

---

वडगावची_वायर

राजहंसगड यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. फक्त अल्ट्रा-लोच्या मोहात पडू नका. अल्ट्रा-लोमध्ये बघणाऱ्याच्या फोनवर बफर अगदी थोडा राहतो. शहरात फायबरवर बसलेल्याला फरक कळत नाही, पण खानापूरच्या पुढे जंगलपट्ट्यात मोबाइल डेटावर बघणाऱ्याचं चित्र दर थोड्या वेळाने अडकतं. अडकलेलं चित्र म्हणजे बंद केलेलं लाइव्ह. "लो" ठेवा आणि मतदानाला १० सेकंद जास्त द्या. ते स्वस्त पडतं.

आता सेटिंग. ७२०पी, ३० फ्रेम, एनकोडर एनव्हीएन्क (ग्राफिक्स कार्डातला), सीबीआर (एकसारखा बिटरेट), ३००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद. १०८०पी करायचं तर ४५०० ते ६०००. तुमची लाइन ते पेलेल, पण तुमचे लोक ५-६ इंची पडद्यावर बघतात, त्यांना पिक्सेलपेक्षा अक्षर मोठं हवं. ७२०पीच्या कॅनव्हासवर पर्यायांची अक्षरं ३६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत. तपासायची साधी रीत: चाचणी लाइव्ह "अनलिस्टेड" (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसणारं) ठेवून करा, फोनवर ४८०पी निवडा, हात लांब करून वाचा. वाचता आलं नाही तर मतदानही होणार नाही.

डेटाचं गणित सांगतो, कारण बरेच जण रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर असतात. ३००० केबीपीएसने तासाला जवळजवळ १.३५ जीबी जातात. तेच १००० केबीपीएसच्या आसपासच्या खालच्या दर्जात साडेचारशे एमबी. म्हणून लाइव्हच्या वर्णनात पहिल्या ओळीत लिहा: "डेटा कमी असेल तर ४८०पी निवडा, सगळं वाचता येईल." आणि तसं खरंच वाचता येऊ दे.

आवाज चित्राहून महत्त्वाचा. चित्र खराब असलं तर माणूस थांबतो, आवाज खराब असला तर थांबत नाही. माइक तोंडापासून एक वीतभर, थोडा बाजूला. ओबीएसमध्ये फिल्टर या क्रमाने लावा: आधी नॉइज सप्रेशन, मग कंप्रेसर, शेवटी लिमिटर. बोलणं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या पट्ट्यात नाचू दे, खेळाचा आवाज उणे २०च्या खाली, संगीत उणे ३०च्या आसपास. खेळाच्या आवाजावर आणखी एक कंप्रेसर लावून त्याचा साइडचेन माइकला जोडला की तुम्ही बोलताना पाऊस आपोआप हळू होतो. रिलीज ३०० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर पाऊस धपापल्यासारखा वाटतो.

फोनवरचा खेळ दाखवायचा असेल तर एससीआरसीपीवाय नावाचं मोफत साधन यूएसबी केबलने वापरा. अँड्रॉइड ११पासून पुढे ते आवाजही आणतं. ११वर मात्र सुरू करताना फोन अनलॉक असावा लागतो, १२पासून ती अट नाही. वायफायवरून आणू नका, त्याच वायफायवर तुमचं अपलोडही चालू असतं. लॅपटॉपलाही लॅन केबलच.

आता वीज. आपल्याकडे वळवाच्या पावसात आणि जून ते सप्टेंबर ती जाणार, हे धरूनच चालायचं. लॅपटॉपला बॅटरी आहे, खरी अडचण इंटरनेटची. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बसवा. पण फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. बहुतेक जण राउटरलाच जोडतात. मग वायफायचं चिन्ह दिसत राहतं आणि इंटरनेट नसतं, आणि दोष कशात आहे ते शोधण्यात दहा मिनिटं जातात.

यूट्यूबच्या लाइव्ह कंट्रोल रूममध्ये "ऑटो-स्टॉप" बंद ठेवा. चालू असेल तर तुमचा सिग्नल तुटला की यूट्यूब प्रक्षेपणच संपवून टाकतं. लिंक मरते, जमलेले लोक पांगतात. बंद असेल तर तुम्ही हॉटस्पॉटवरून परत जोडला की त्याच लिंकवर पुढे चालू. हॉटस्पॉटसाठी ओबीएसमध्ये १५०० केबीपीएसचं वेगळं प्रोफाइल आधीच करून ठेवा. "ऑटोमॅटिकली रीकनेक्ट" चालू ठेवा. आणि स्टुडिओबाहेर, दुसऱ्या भागात राहणाऱ्या कुणाला तरी मॉडरेटर करा. तुमच्याकडे अंधार असताना चॅटमध्ये "पाच मिनिटांत येतोय, थांबा" असं लिहायला माणूस लागतो.

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा. एमपी४मध्ये करताना लॅपटॉप मध्येच बंद पडला तर अख्खी फाइल जाऊ शकते. एमकेव्हीत तोपर्यंतचं शाबूत राहतं, नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून एमपी४ मिळतं.

---

चिकणमाती

हे फारच कामाचं आहे, मनापासून आभार. ऑटो-स्टॉप चालूच होतं, आता बंद केलं.

दोन गोष्टी अजून. मतं यूट्यूबच्या पोलवर घ्यावीत की चॅटमधून वाचणारा बॉट लिहावा? आणि भाषेचं कुणीच बोललं नाही. मागच्या दोन लाइव्हमध्ये एका प्रश्नावरून चॅट घसरलं आणि "मराठीत बोला", "कन्नडमध्ये बोला" सुरू झालं. आम्ही सगळ्यांना म्यूट केलं, तर शांत बसलेलेही गेले.

---

मलप्रभाकाठ

आधी बॉट. पहिले दोन महिने लिहू नका. यूट्यूबच्या पोलमध्ये चार पर्यायांपर्यंत देता येतात, एका बोटाने मत पडतं, टाइप करावं लागत नाही. मोबाइलवर बघणाऱ्याला हेच सोयीचं. निकाल तुम्ही हाताने खेळात टाका. सहा फेऱ्यांना माणूस पुरतो.

पोल अपुरा वाटला तरच बॉट. उदाहरणार्थ, प्रत्येकाने तटावर एक एक दगड ठेवायचा असेल, म्हणजे नावानिशी काहीतरी व्हायला हवं असेल. मग या गोष्टी सांभाळा.

यूट्यूबच्या डेटा एपीआयला (बॉट ज्या वाटेने चॅट वाचतो ती सोय) रोजचा कोटा असतो, नव्या प्रकल्पाला १०,००० युनिट. चॅट वाचायच्या प्रत्येक विचारणीला त्यातले काही जातात. उत्तरासोबत पुढची विचारणी किती मिलिसेकंदांनी करायची ते येतं. ते पाळा. दर सेकंदाला विचारणारा बॉट लाइव्ह संपायच्या आतच कोटा संपवतो आणि मग गप्प बसतो, तेही नेमकं शेवटच्या फेरीत. तालमीसाठी वेगळा प्रकल्प आणि वेगळी किल्ली ठेवा, म्हणजे सकाळची चाचणी संध्याकाळचा कोटा खाणार नाही.

मत मोजताना नाव नाही, चॅनेलचा आयडी धरा. एका आयडीचं शेवटचं मत खरं. आणि आकड्यांचं बघा: आपल्याकडे कुणी मराठी अंकात लिहितं, कुणी कन्नड अंकात, कुणी इंग्रजीत, कुणी नुसतं "दोन" किंवा "एरडू". सगळ्यांचं एकाच किमतीत रूपांतर करा. निदान तिन्ही लिप्यांतले अंक तरी ओळखलेच पाहिजेत. स्लो मोड (दोन संदेशांमध्ये ठरावीक वेळ थांबवणारा) लावला असेल तर तो मतदानाच्या वेळेपेक्षा लहान ठेवा. ६० सेकंदांचा स्लो मोड आणि ४५ सेकंदांचं मतदान असेल तर आधी "हाय" म्हटलेल्याला मतच देता येत नाही.

आता भाषा. हा आपल्या भागातला नाजूक विषय आहे आणि तो काळजीने हाताळावा लागेल. सगळ्यांना म्यूट करणं म्हणजे दोन जणांच्या भांडणासाठी सभा उधळणं.

नियम एका ओळीत, तीन भाषांत, चॅटच्या वर पिन करा: ज्या भाषेत प्रश्न, त्या भाषेत उत्तर, भाषेवरून आणि सीमेवरून वाद इथे नाही. आणि तो खरोखर पाळा. कन्नडमध्ये प्रश्न आला तर सूत्रसंचालकाने त्याचं एका वाक्यात मराठीत सांगणं आणि उत्तर दोन्हीकडे देणं. तुमच्या चौघांत कन्नड येणारा असेल तर दोन जण समोर बसा, एक हात खेळावर, दुसरा चॅटवर. एकट्याने खेळत, बोलत आणि चॅट वाचत तिन्ही कामं धड होत नाहीत. नेमका चॅट वाचणंच सुटतं, आणि लोकांना ते लगेच कळतं.

मतदानाचे पर्याय पडद्यावर शब्दांऐवजी चित्रांनी दाखवा. पाण्याची एक घागर, दोन घागरी, तीन घागरी. भाषेचा प्रश्नच उरत नाही, शिवाय लहान पडद्यावर वाचायलाही सोपं.

मॉडरेटर दोन हवेत, एक मराठी वाचणारा, एक कन्नड वाचणारा, आणि दोघांनाही रोमन लिपीत लिहिलेलं दोन्ही कळायला हवं. शिव्या बहुतेक रोमनमध्येच येतात. ब्लॉक केलेल्या शब्दांची यादी तिन्ही लिप्यांत करा. देवनागरीत एक चोरवाट आहे: शब्दाच्या मध्ये न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर घातला की डोळ्यांना शब्द तोच दिसतो, पण यादीतल्या शब्दाशी जुळत नाही. स्वतःचा बॉट असेल तर तुलना करण्याआधी असे न दिसणारे वर्ण काढा आणि युनिकोड नॉर्मलायझेशन करा. कारवाईची पायरी ठरवून ठेवा: पहिल्यांदा संदेश काढणं, दुसऱ्यांदा टाइमआउट, तिसऱ्यांदा चॅनेलवरून लपवणं. वाचून दाखवणं, उत्तर देणं, समजावणं लाइव्हवर करायचं नाही. सूत्रसंचालकाने पुढचा प्रश्न घ्यायचा.

प्रश्नोत्तरं शेवटी ठेवू नका, ज्याला विचारायचं असतं तो तोवर थांबत नाही. गुरुवारी कम्युनिटी पोस्ट टाकून प्रश्न मागवा, सहा निवडा, प्रत्येक फेरीनंतर एक घ्या. "आयफोनवर कधी" याचं उत्तर एकदाच लिहून पिन करा. तारीख पक्की नसेल तर तारीख सांगायची नाही, काय बाकी आहे ते सांगायचं.

---

राजहंसगड

अल्ट्रा-लोबद्दल वडगावची_वायर यांचं मान्य. बघणारे मोबाइलवर असताना "लो"च बरं.

बक्षिसांचं राहिलं होतं. फोन, रिचार्ज असली बक्षिसं ठेवू नका. बक्षिसापुरते लोक येतात, आकडा फुगतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच आठ जण उरतात. खेळातलीच वस्तू द्या, त्या आठवड्याच्या किल्ल्याचं निशाण किंवा बुरुजावरचा एखादा मावळा. कोड पडद्यावर २० सेकंद, मोठ्या अक्षरांत. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय असे दिसायला सारखे वर्ण नकोत. एका खात्याला एकदाच, तपासणी सर्व्हरवर. मुदत ७२ तास, म्हणजे रविवारी रेकॉर्डिंग बघणाऱ्यालाही मिळतं. शनिवारी संध्याकाळी दुकानात किंवा कामावर असलेल्याला शिक्षा का?

प्रवेश फी घेऊन स्पर्धा किंवा निकालावर पैसे लावणं असलं काही करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे.

आणि एक महत्त्वाचं. अपलोड करताना यूट्यूब विचारतं, "हे लहान मुलांसाठी बनवलंय का?" "हो" निवडलं की लाइव्ह चॅट बंद होतं. तुमचं लाइव्ह खेळ कसा बनतो याबद्दल, सगळ्या वयांसाठी असेल तर "नाही" हे खरं उत्तर आहे. पण खरोखरच लहान मुलांसाठीचं लाइव्ह करणार असाल तर चॅटसाठी खोटं निवडू नका. त्या दिवशी मतदान खेळाच्या आतच ठेवा: मेनूत तीन घागरींची चित्रं, बोट लावलं की सर्व्हरवर एक मत, आणि बेरीज ओबीएसच्या ब्राउझर सोर्सने पडद्यावर. नाव नाही, टाइप करणं नाही, चॅट नाही.

---

वडगावची_वायर

संगीताबद्दल एक, हे हमखास होतं. तुमच्या संगीतकाराने खेळाचं संगीत एखाद्या वितरकामार्फत सगळीकडे टाकलं असेल आणि तिथे कंटेंट आयडी (यूट्यूबची हक्काचं संगीत ओळखणारी यंत्रणा) चालू केलं असेल, तर तुमच्याच लाइव्हवर तुमच्याच संगीतासाठी दावा येतो. वितरकाला सांगून तुमचा चॅनेल सूट-यादीत घाला, लाइव्हच्या आठवडाभर आधी.

आणि रेकॉर्डिंगला चॅप्टर टाका. पहिला शून्य मिनिट शून्य सेकंदाचा, निदान तीन, प्रत्येक १० सेकंदांपेक्षा मोठा, वेळा इंग्रजी अंकांत. "फेरी ३: दगडी पाया, कोसळला" असं नाव द्या. बुरूज पडतानाची २०-३० सेकंदं उभ्या चौकटीत कापून रविवारी शॉर्ट म्हणून टाका. पुढच्या शनिवारी येणारे नवे लोक बहुतेक तिथूनच येतील.

---

मलप्रभाकाठ

दिवाळीचं सुचवतो, कारण तुमच्या खेळाला त्यासारखा मोसम नाही. लोकांकडून त्यांच्या अंगणातल्या खऱ्या किल्ल्यांचे फोटो मागवा आणि लाइव्हमध्ये त्यातला एक खेळात बांधा. तट कुठून वळवायचा, दरवाजा कुठे, हे ज्याचा किल्ला त्याने चॅटमधून सांगायचं. राजहंसगड, भीमगड, वल्लभगड हे किल्ले करणारी मुलं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बांधून झाला की तोच पाऊस त्यावर पाडा.

फोटो घेताना काळजी: घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी, मुलांचे चेहरे, घराचा नंबर, गाडीची पाटी कापून टाकायची, आणि फाइलमधली जागेची माहिती पुसायची. फोटो समोरून एक, वरून एक, आणि शेजारी मोजपट्टी किंवा साधी वीट ठेवलेली, म्हणजे प्रमाण कळतं.

वेळही बदला. दिवाळीच्या सुट्टीत मुलं सकाळपासून मातीत असतात आणि संध्याकाळी फटाक्यांच्या आवाजात तुमचं बोलणं ऐकू येणार नाही, माइकमध्येही तेच भरेल. सकाळी ११ बरं. गणपतीच्या दिवसांत आणि वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री लाइव्ह ठेवूच नका, अख्खं गाव रस्त्यावर असतं.

---

चिकणमाती

ठरलं. या शनिवारी पाण्याची फेरी पहिली, दुसऱ्याच मिनिटाला. पोल यूट्यूबचाच, पडद्यावर पर्याय घागरींच्या चित्रांचे. आमच्यातली एक जण कन्नड सफाईने बोलते, ती चॅटवर बसेल. स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टचं बघितलं, तीन आकडे मागच्या लाइव्हचे तसेच राहिलेले सापडले, पावसाचा जोर त्यातलाच एक. ओएनटी वेगळाच आहे आणि बॅकअपवर नाही. शुक्रवारी मेन स्विच बंद करून तालीम घेतो.

राजहंसगड, डीबग व्ह्यूमधले रंग लाल-हिरवे आहेत. ते तसेच ठेवले तर चालतील का?

---

राजहंसगड

नको. लाल-हिरवा फरक नीट न दिसणारे पुरुष बरेच असतात. निळा ते नारिंगी करा, आणि जिथे ताण मर्यादेबाहेर जाईल तिथे आडव्या रेघाही उमटू द्या. ४८०पीत रंग फिके पडतात, रेघा दिसतात.